ठरावातील ‘सर्वानुमते’ : पार्श्वभूमी

मराठवाड्यातील ग्रामपंचायतींच्या इतिवृत्तात सूचक-अनुमोदकांच्या नावांखाली बहुधा ‘सर्वानुमते मंजूर’ असा शेरा असतो. हे सर्व कोण, हा वाद त्या शेऱ्याइतकाच जुना आहे.

निजामी अमलात चावडीवर पाटील-पटवारी बोलत आणि बाकीचे ऐकत. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानंतरही ही सवय फारशी सुटली नाही. २४ एप्रिल १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले आणि पाचच महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील पन्नासच्या आसपास गावे नव्या जागी वसवण्याचे ठरले. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट असे आधीच निश्चित झाले होते. गावाला विचारले गेले ते मुख्यतः जागेबद्दल आणि आखणीबद्दल, तेही भरल्या सभेत, जिथे भूमिहीनाने बागायतदारासमोर उठून नकार देणे अवघडच होते. गप्प राहिलेल्यांची संमती गृहीत धरली गेली. सरळ रुंद रस्त्यांच्या, शेजार तोडणाऱ्या आखणीबद्दलची नाराजी लोक राहायला गेल्यावर उघड झाली.

गणपूर्तीचा नियमही याच प्रश्नाला भिडतो. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते, मात्र तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की ती अटही उरत नाही, आणि मोजक्या माणसांचे मत गावाचे ठरते. दारूबंदीच्या मतदानात नेमके उलटे आहे : एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडवी बाटली’ हे बंदीचे चिन्ह निवडावे लागते, म्हणजे गैरहजर राहिलेली बाई आपोआप बाटली उभी ठेवते. एकीकडे मौन म्हणजे होकार, दुसरीकडे नकार! तरीही तिथे मत गुप्त असते, आणि माझ्या दृष्टीने तो फरक मोठा आहे.

ग्रामसभेपूर्वी स्वतंत्र महिला सभा घेण्याची तरतूद नंतरची. अलीकडे दुष्काळी वर्षांनी पाण्याच्या ताळेबंदाची रीत आणली : पाऊस, विहिरींची पातळी आणि पिकांची गरज यांचे आकडे आधी मांडायचे, बोलणे मागाहून. ज्वारी-हरभऱ्यापर्यंत ही रीत निभते. उसाचा विषय निघाला की आकडे समोर असूनही हात वर होत नाहीत, आणि विषय पुढच्या सभेवर जातो.