प्लॅनरचा हजार अन् ट्रेंड्सचा शंभर

आपल्या नागपुरात दुकानाची वेबसाइट सांभाळणारे बरेच जण कीवर्ड रिसर्चच्या (म्हणजे लोक गूगलवर कोणते शब्द टाकून शोधतात ते पाहण्याच्या) नावाखाली एक एक्सेल शीट करतात, एका कॉलममध्ये गूगल कीवर्ड प्लॅनरचे आकडे टाकतात आणि जिथे ते मिळाले नाहीत तिथे गूगल ट्रेंड्सचे, अन् मग त्यावर सॉर्ट मारून मोकळे. अरे बाप्पा, हे दोन आकडे एका कॉलममध्ये बसतच नाहीत ना!

प्लॅनर सांगतो की एखादी गोष्ट महिन्याला साधारण किती वेळा शोधली जाते. तो गूगल अ‍ॅड्सच्या खात्यात असतो, फुकट असतो, पण जाहिरातीवर पैसे न घालणाऱ्याला बहुतेक वेळा नेमका आकडा न देता '100 ते 1 हजार', '1 हजार ते 10 हजार' असले ऐसपैस पट्टे दाखवतो. लोकेशन नागपूर ठेवता येतं, हे चांगलं.

ट्रेंड्समध्ये मात्र 'किती' हा प्रश्नच नसतो. तिथला 100 म्हणजे शंभर लोकांनी शोधलं असं नाही, तर तुम्ही निवडलेल्या जागेत आणि काळात त्या शब्दाचा एकूण सर्चमधला वाटा जेव्हा सगळ्यात जास्त होता तो टोकाचा बिंदू, बाकी सगळं त्याच्या मानाने. म्हणून काळ बदलला की त्याच महिन्याचा आकडा बदलतो. आणि नुसत्या 'कूलर रिपेअर'चा ग्राफ छान उंच दिसत असेल तर शेजारी 'एसी' टाकून पाहा, पार जमिनीला चिकटलेला दिसेल, कारण तुलनेत 100 हा सगळ्या शब्दांमधल्या सर्वात मोठ्यालाच मिळतो. एका वेळी अनेक शब्द टाकता येतात. 0 दिसला तरी कोणीच शोधत नाही असं समजू नका, आकडा लहान असला की ट्रेंड्स तो दाखवत नाही एवढंच.

आता कूलरचंच घ्या, कारण फरक तिथे खरा कळतो. समजा एका कीवर्डला वर्षातले दहा महिने 100-100 सर्च आहेत आणि एप्रिल-मेमध्ये 4000-4000. एकूण 9000, भागिले 12, म्हणजे प्लॅनरच्या कॉलममध्ये सरासरी 750 च्या आसपास दिसणार. असा 750 वाला महिना त्या वर्षात एकही नव्हता! प्लॅनरमध्ये महिनावार चढउतारही पाहता येतो, पण समोर सरासरीच असते आणि लोक तेवढीच उचलतात. ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून 5 वर्षांचा ग्राफ काढला की दर उन्हाळ्याचा सुळका सरळ डोळ्यात भरतो. मग कूलरच्या ताट्या बदलून देणाऱ्याने वेबसाइटवर त्याचं पान कधी टाकायचं हे सांगायला नको, पारा 45 ला गेल्यावर टाकून काय उपयोग, गूगलला ते पान सापडून वर यायलाही वेळ लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत टाका.

संत्र्याचं थोडं वेगळं आहे, आंबिया बहार आणि मृग बहार असे दोन हंगाम, त्यामुळे ग्राफ दोनदा उठतो का ते ज्याने त्याने आपल्या शब्दावर तपासावं. 'संत्रा बर्फी' मात्र प्लॅनरमध्येच पाहावी, तिथे मला 'केव्हा'पेक्षा 'किती' महत्त्वाचं वाटतं.

स्पेलिंगचाही घोळ आहे. प्लॅनर जवळजवळ सारख्या शब्दांना बरेचदा एकत्र गोळा करून सगळ्यांपुढे तोच आकडा लिहितो, अन् लोक त्या ओळींची बेरीज करतात, की झाला तिप्पट बाजार! ट्रेंड्समध्ये उलट, देवनागरीत टाकलेला आणि इंग्रजी अक्षरात टाकलेला शब्द वेगवेगळे धरले जातात. तिथे 'विषय' हा पर्याय निवडला तर वेगवेगळ्या भाषांतले सर्च एकत्र येतात.

आणि हो, प्लॅनरमधला 'स्पर्धा' कॉलम. तिथे 'कमी' दिसलं की भाऊ खूश, आता आपण पहिल्या नंबरवर! तो कॉलम जाहिरात देणाऱ्यांच्या चढाओढीचा आहे. फुकटच्या रिझल्टमध्ये वर कोण बसलंय हे पाहायचं असेल तर तो शब्द गूगलमध्ये टाकून पहिलं पान स्वतः वाचावं, आणि साइट जुनी असेल तर गूगलचाच सर्च कन्सोल उघडावा, तुमची साइट ज्या सर्चमध्ये दिसली ते 16 महिन्यांपर्यंतचे सर्च तिथे असतात.