गरोदरपणातील योनिमार्गाची बुरशी आणि तिचा औषधरोध

कँडिडा ही यीस्टवर्गातील बुरशी अनेक निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात काही त्रास न देता राहते. गरोदरपणात हे प्रमाण वाढते. इस्ट्रोजेनच्या प्रभावाने योनीच्या अस्तरातील पेशींत ग्लायकोजेन साठते आणि बुरशीला आयते खाद्य मिळते. मधुमेह किंवा नुकतीच घेतलेली प्रतिजैविके त्यात भर घालतात. पण नुसता वावर म्हणजे आजार नव्हे. तक्रार नसेल, तर केवळ तपासणीत बुरशी दिसली म्हणून औषध देऊ नये.

‘अंगावरून पांढरं जातंय’ एवढेच बहुतेक बायका सांगतात. गरोदरपणात पांढरा स्राव एरवीही वाढतो, त्यामुळे यावरून निदान होत नाही. खाज, लघवीच्या वेळी आग आणि दह्याच्या चोथ्यासारखा, फारसा वास नसलेला स्राव असेल तर कँडिडाचा संशय घ्यावा. खाजेबद्दल लाजेने बोलले जात नाही. ते तपासणाऱ्यानेच आपुलकीने विचारायला हवे.

स्रावाच्या थेंबात 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातले की पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीच्या कळ्या व तंतू उरतात. पुढे प्रजाती ओळखायची असते. रक्तद्रवात 37 अंश सेल्सिअसला दोन-तीन तास ठेवल्यावर कँडिडा अल्बिकन्सच्या पेशीला मटकीसारखा मोड फुटतो. कँडिडा ग्लाब्राटाला तो फुटत नाही. नात्याने ती अल्बिकन्सपेक्षा पावाच्या यीस्टला जवळची आहे.

हा फरक उपचारात कळीचा ठरतो. बहुतेक संसर्ग अल्बिकन्सचे असतात आणि ते फ्लुकोनॅझोल, क्लोट्रिमॅझोल अशा अ‍ॅझोल गटातील औषधांनी बरे होतात. ही औषधे बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉल हा आवश्यक स्निग्ध घटक तयार होऊ देत नाहीत. हा घटक बनवणाऱ्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) औषध बसते त्याच्या जनुकात बदल करून, किंवा आत आलेले औषध पंपाने बाहेर फेकून बुरशी त्यावर मात करते. ग्लाब्राटावर फ्लुकोनॅझोल मुळातच कमी चालते, कँडिडा क्रुसेईवर तर चालतच नाही. शिवाय औषधसंवेदनशीलतेची प्रमाणित चाचणी सामू (आम्लता मोजणारा pH) 7 ला होते, तर योनीचा सामू साधारण 4 असतो. त्या आम्लात अ‍ॅझोलचा जोर उतरतो, विशेषतः ग्लाब्राटावर. म्हणून ‘औषध लागू पडते’ असा अहवाल येऊनही खाज थांबत नाही, तेव्हा बाईने औषध नीट घेतले नसेल असा ठपका ठेवण्याआधी हे आठवावे.

गरोदरपणात पर्याय आणखी आकसतात. पोटातून फ्लुकोनॅझोल टाळतात. प्रतिरोधक ग्लाब्राटासाठी एरवी वापरले जाणारे बोरिक आम्लही वर्ज्य असते. उरतात ती योनीत ठेवायची क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोलची औषधे, तीही साधारण सात दिवस, आणि अ‍ॅझोल निष्फळ ठरल्यास निस्टॅटिन हे वेगळ्या गटातील बुरशीनाशक. भारतातील सरकारी लक्षणाधारित उपचारात, म्हणजे प्रयोगशाळेतील तपासणीविना केवळ लक्षणांवरून औषध देण्याच्या पद्धतीत, स्रावासाठी हिरव्या पाकिटात सेक्निडॅझोल या जंतुनाशक औषधासोबत फ्लुकोनॅझोल असते. ते गरोदर बाईच्या हाती पडू नये, म्हणून पाळी चुकली आहे का हे आधी विचारलेच पाहिजे. खाज दोन दिवसांत थांबली तरी योनीत ठेवायच्या सातही गोळ्या संपवाव्यात. तक्रार परतली तर दुकानातून तेच मलम पुन्हा न आणता स्रावाचे कल्चर करून (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून) प्रजाती पाहावी.

प्रसूतीच्या वेळी बुरशी बाळाला लागू शकते. तोंडात पांढरे चट्टे दिसतात. दुधाचा थर ओल्या कापडाने पुसला की निघतो, हे चट्टे सहज निघत नाहीत.