सहाव्या दिवसाची उसण

माझा भाचा भिवंडीच्या एका गोदामात कामाला लागला. गडी बी.कॉम. झालेला. तोवर उचललेलं सर्वांत जड ओझं म्हणजे घरचा गॅस सिलिंडर, तोही महिन्याकाठी एकदा. इथे दिवसाला शेकडो खोकी. पाच दिवस रेटले. सहाव्या दिवशी पहाटे दात घासायला बेसिनवर वाकला आणि तसाच अडकला. पाठीत सणसणीत उसण भरली. "मामा, ब्रशशिवाय हातात काही नव्हतं," तो मला फोनवर सांगत होता. मागून ताईचा आवाज: "गादी सरकलीय. आठ दिवस फळीवर सपाट झोपव त्याला."

ब्रशचा मुद्दा मला ताईच्या निदानापेक्षा रंजक वाटला.

दोन मणक्यांमधली चकती, जिला आपण गादी म्हणतो, ती आतून मऊ आणि पाणीदार असते. रात्री आपण आडवे होतो, तिच्यावरचा भार उतरतो आणि ती आजूबाजूचं पाणी शोषून फुगते. म्हणून सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा साधारण एक ते दोन सेंटिमीटरने जास्त भरते. दिवसभराच्या भाराने ते पाणी हळूहळू पिळून निघतं. त्यातही निम्म्याच्या आसपास घट उठल्यावर पहिल्या तासातच होते. फुगलेल्या चकतीला वाकणं जड जातं, तिच्यावर आणि मागच्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांवर, ताण कितीतरी जास्त येतो. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या पाठदुखीच्या रुग्णांना सकाळी उठल्यानंतरचे काही तास कंबरेतून वाकणं टाळायला सांगितलं, तर त्यांचं दुखणं खरोखर कमी झालं. भाचा साडेपाचला उठायचा आणि सातला जमिनीवरची खोकी उचलायचा.

आता खोक्याचा हिशेब. पाठीचा कणा हा तरफेचा टेकू धरा. पुढे हातात वजन, मागे ते तोलणारे पाठीचे स्नायू. पण हे स्नायू टेकूपासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. वीस किलोचं खोकं अंगापासून पन्नास सेंटिमीटर लांब धरलं, तर अंतर दहापट, म्हणून स्नायूंना दोनशे किलोइतका जोर लावावा लागतो. तेच खोकं पंचवीस सेंटिमीटरवर आणलं की शंभर. वाकलेल्या धडाचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. खोकं तेच, पगार तोच, खोक्यापायी स्नायूंवर येणारा भार निम्मा.

मार्केट यार्डातल्या जुन्या हमालांना हे गणित कोणी शिकवलेलं नाही. तरी बघा, पोतं दोघे जण उचलून देतात आणि तिसरा ते थेट पाठीवर घेतो. जमिनीवरून एकट्याने ओढून काढणं शक्यतो टाळतात, आणि ओझं कण्याला चिकटून राहतं. अर्थात कौशल्यालाही मर्यादा असते. पूर्वी पोतं शंभर किलोचं असे. ते पन्नासवर यावं म्हणून बाबा आढाव आणि पुण्याची हमाल पंचायत झगडले. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं, किती वजन उचलावं हे सांगणारं 1991 चं सूत्र तर अगदी आदर्श परिस्थितीतही 23 किलोच्या वर जात नाही. खोकं जमिनीवर असेल, अंगापासून लांब असेल, कंबर पिळून ठेवायचं असेल, तर हा आकडा भराभर खाली येतो. नव्या माणसाच्या वाट्याला नेमकी खालच्या फळीवरची खोकी येतात, हे मात्र कुठल्या सूत्रात बसत नाही.

शिवाय शरीर सगळं एका चालीने कणखर होत नाही. स्नायू काही आठवड्यांत सरावतात. कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि अस्थिबंध यांना रक्तपुरवठा कमी, त्यांना महिने लागतात. पाचव्या दिवशी "आता जमतंय" असं वाटतं ते स्नायूंच्या जोरावर.

राहिली ताईची फळी. 1995 साली हेलसिंकी महापालिकेच्या 186 कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबर धरलेल्या या लोकांपैकी काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, उरलेल्यांना सांगितलं, सोसेल तेवढी रोजची कामं करत राहा. सर्वांत लवकर सावरले ते हे तिसरे. गादी सरकल्याचं एमआरआयमध्ये दिसलं तरी घाबरण्यात अर्थ नाही. कधीच पाठ न दुखलेल्या विशीतल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही फुगलेली चकती दिसते. कंबरपट्ट्याने आधार वाटतो, पण पट्टा बांधणाऱ्यांच्या पाठी कमी दुखतात असं मोठ्या पाहणीत आढळलं नाही.

मी त्याला एवढंच विचारलं: पाय लुळा पडतोय का? लघवी अडते का, जांघेत बधिरपणा आहे का? ताप? यातलं काहीही असतं तर त्याच क्षणी दवाखाना. तसं काही नव्हतं. दोन दिवस शेकत, चाळीतल्या चाळीत फेऱ्या मारत काढले. तिसऱ्या दिवशी कामावर गेला आणि सुपरवायझरला गाठून सकाळचा पहिला तास स्कॅनिंगवर मागून घेतला. खोकी आधी कंबरेच्या उंचीच्या फळ्यांवरची, आधी निम्मी, मग दर आठवड्याला थोडी वाढवत.

आता दोन महिने झाले. ताईने फळी अजून पलंगाखालून काढलेली नाही.