सोनचिखल्या निघण्याची तयारी करतो तेव्हा

पक्षी बघायला लोक गोव्यातल्या चोडण बेटावर गर्दी करतात ती डिसेंबर-जानेवारीत. हवा गार असते, पाहुणे नुकते उतरलेले असतात, साहजिकच आहे. पण मला विचाराल तर शिगमो, म्हणजे गोव्यातली होळी, आटोपला आणि अंगाला घामाच्या धारा लागल्या, की रायबंदरची फेरीबोट पकडावी. थंडीत हे पक्षी इथे नुसते मुक्कामाला असतात. मार्च-एप्रिलमध्ये मात्र त्यांची आवराआवर चाललेली असते.

निघताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. चोडणचं डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य अवघं १.७८ चौरस किलोमीटरचं, त्यात बहुतेक खारफुटीच. भरतीत सगळा चिखल पाण्याखाली जातो. पाणी उतरलं, की किडे, कृमी आणि बारीक खेकड्यांचं ताट उघडं पडतं.

त्या चिखलात आणि आसपासच्या खाजनांत, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतांत, सोनचिखल्या (गोल्डन प्लोव्हर) शोधायचा. तीन-चार पावलं धावतो, थबकतो, मान वाकडी करून बघतो, चोच मारतो, पुन्हा धावतो. जानेवारीत तो मातकट असतो, पाठीवर सोनेरी टिकल्या. मार्चअखेर पोटावर काळे ठिपके उमटू लागतात. एप्रिलमध्ये चेहऱ्यापासून पोटापर्यंत कुळकुळीत काळा आणि कपाळावरून मानेच्या कडेने उतरणारा पांढरा पट्टा. एकाच थव्यात कोणी अर्धवट रंगलेला, कोणी अजून जुन्याच पिसांत. दुर्बीण तिथून हलवावीशी वाटत नाही.

पिसं बदलत असतानाच पोटपूजाही वाढते. गाठायचा असतो सैबेरियाचा टुंड्रा, आणि त्याची शिदोरी म्हणजे चरबी. एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टातून ४. शिवाय ती साठवायला पाण्याचं ओझं लागत नाही, उलट ती जळताना थोडं पाणीच तयार होतं. लांब पल्ल्याच्या काही किनारपक्ष्यांचं आतडंही उड्डाणापूर्वी आक्रसतं. वाटेत जे कामाचं नाही ते वजन कशाला वाहायचं!

पण निघायची वेळ झाली हे कळतं कसं? गोव्यात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात दोन तासांचाही फरक नसतो. तरी वाढता उजेड पक्ष्याला कळतो, आणि तोही केवळ डोळ्यांनी नाही. मायकेल मेनेकर या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने दृष्टी गेलेल्या चिमण्यांवर प्रयोग केले. दिवस मोठा केला की त्यांची प्रजननग्रंथी वाढायची. डोक्याच्या कातडीखाली काळी शाई टोचली की हा परिणाम मंदावायचा. म्हणजे कवटीतून झिरपणारा प्रकाश थेट मेंदूतल्या पेशी टिपतात. त्याच्या जोडीला पक्ष्याच्या शरीरात वर्षभराचं स्वतःचं घड्याळ असतं. एबरहार्ड ग्विनर या जर्मन संशोधकाने पक्षी वर्षानुवर्षं एकसारख्या प्रकाशात ठेवले, तरी पिसं गळण्याचं आणि प्रवासाच्या अस्वस्थतेचं चक्र चालूच राहिलं. उजेडाचं काम ते घड्याळ जुळवून घेण्याचं.

सगळेच जात नाहीत, हेही लक्षात असू द्या. ऐन मे महिन्यात खाजनात एखादा मातकट सोनचिखल्या दिसला तर तो आजारी आहे असं लगेच समजू नका. बहुधा ते गेल्या वर्षीचं पिल्लू असतं. या कुळातली बरीच पिल्लं पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेची वाट धरतच नाहीत.