संगणकात आठ, फळीवर शून्य

गोदामातली एखादी वस्तू संपली आणि संगणकालाही ते कळलं, तर काही बिघडत नाही. ऑर्डर जाते, माल येतो. पंचाईत होते ती संगणकाला कळलेलंच नसतं तेव्हा. समजा, साठा पाचवर आला की आपोआप मागणी नोंदवायची, असा नियम आहे. फळी रिकामी आहे, पण नोंदीत अजून आठ नग दिसतात. काही फुटले, काही चोरीला गेले, काही भलत्याच खणात ठेवले गेले. आता वस्तूच नाही म्हणून विक्री नाही. विक्री नाही म्हणून आठचा आकडा हलत नाही, आणि आकडा हलत नाही म्हणून मागणी जात नाही. कोणी फळीपर्यंत जाऊन बघेपर्यंत हे चक्र सुटत नाही. शिवाय, या वस्तूला गिऱ्हाईकच उरलेलं नाही असं समजून पुढचा अंदाजही खाली येतो.

हे क्वचित घडतं असं वाटेल. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन या संशोधकांनी एका किरकोळ विक्री कंपनीच्या ३७ दुकानांमधल्या सुमारे ३ लाख ७० हजार साठा-नोंदी तपासल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या.

इतक्या चुका येतात कुठून? बऱ्याचशा अगदी निरुपद्रवी दिसणाऱ्या सवयींतून. दोन वेगवेगळ्या वासांचे, सारख्याच किमतीचे साबण काउंटरवर येतात आणि घाईत एकच वडी दोनदा स्कॅन होते. बिल बरोबर, एकूण नग बरोबर, पण दोन्ही साबणांचा साठा चुकला. कारखान्यात तर चूक आपोआप वाढते. तयार नगाची नोंद झाली की त्यात लागणारे सुटे भाग साठ्यातून परस्पर वजा करायचे, ही तिथली रूढ पद्धत. यादीत चार स्क्रू लिहिले आहेत आणि कामगाराला प्रत्यक्षात पाच लावावे लागतात, असं असेल तर ५०० नग तयार होईपर्यंत ५०० स्क्रू हिशेबाबाहेर गेलेले असतात. एक दिवस लाइन थांबते आणि स्क्रीनवर मात्र स्क्रू भरपूर असतात.

यंत्रं चुका पकडत नाहीत असं नाही. बारकोडखालच्या १३ अंकांपैकी शेवटचा अंक निव्वळ पडताळणीसाठी असतो. आधीच्या १२ अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची आणि ती दहाच्या पटीत नेणारा अंक शेवटी लावायचा. एक अंक चुकला तर बेरीज एक ते नऊने, किंवा त्याच्या तिपटीने बदलते. यातली कुठलीच संख्या दहाच्या पटीत नसते, त्यामुळे चूक हमखास सापडते. शेजारचे दोन अंक उलटे पडले तर फरक त्यांच्या वजाबाकीच्या दुप्पट होतो. म्हणून २ आणि ७ ची अदलाबदल निसटते: वजाबाकी पाच, दुप्पट दहा. मला ही युक्ती फार देखणी वाटते, पण तिची मर्यादा ओळखायला हवी. आकडा नीट वाचला गेला की नाही, एवढंच ती सांगते. तो योग्य खोक्यावर चिकटवला आहे की नाही, हे तिला कधीच कळणार नाही.

टार्गेट ही अमेरिकी कंपनी २०१३ मध्ये कॅनडात उतरली आणि जानेवारी २०१५ मध्ये १३३ दुकानं बंद करत असल्याचं तिने जाहीर केलं. कारणं अनेक होती. मात्र नंतरच्या वृत्तांतांत एक गोष्ट ठळकपणे आली: हजारो वस्तूंची माहिती घाईघाईने भरली गेली होती, सेंटिमीटरच्या जागी इंच पडले होते, लांबी-रुंदीची अदलाबदल झाली होती.

माहिती अचूक असून हाताशी नसेल, तर तेही तितकंच महागात पडतं. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस टोयोटाचे जपानमधले १४ असेंब्ली कारखाने थांबले. सायबर हल्ला झाला नव्हता. सुटे भाग मागवणाऱ्या यंत्रणेची देखभाल चालू असताना डिस्कवरची जागा अपुरी पडली आणि सर्व्हर बंद पडले. पर्यायी सर्व्हर होते, पण तेही त्याच यंत्रणेवर चालत असल्याने तसेच अडकले. बॅकअप आहे का, या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर मिळालं की बहुतेक बैठका पुढे सरकतात. मूळ यंत्रणा ज्या कारणाने पडेल त्याच कारणाने बॅकअपही पडेल का, हे विचारायचं राहून जातं.

या दोन दुखण्यांच्या मधे एक तिसरं आहे आणि मला तेच सगळ्यांत घातक वाटतं: नसलेली माहिती असल्यासारखी दिसणं. शीतगृहातल्या सेन्सरचा संपर्क तुटला की काही प्रणाली शेवटचं तापमान तसंच पुढे ओढतात. आलेखावर छान सरळ रेषा उमटते. पुरेशा बारकाईने मोजणाऱ्या खऱ्या सेन्सरचं वाचन सतत किंचित थरथरतं, त्यामुळे निर्जीव सरळ रेषा दिसली की आधी तारा तपासाव्यात. तसंच रिकाम्या रकान्यात शून्य भरण्याचं. ‘माल नाही’ आणि ‘माल आहे की नाही ते माहीत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वर्षाअखेरीस सगळं बंद ठेवून एकदाच मोजणी करण्याऐवजी रोज थोड्या वस्तू मोजण्याची पद्धत म्हणूनच चांगली. चूक ताजी असते, कारण शोधता येतं. कुठल्या वस्तू आधी मोजायच्या, हेही नोंदीच सुचवतात: नेहमी खपणारी वस्तू अचानक खपेनाशी झाली, साठा शून्याजवळ आला, किंवा उणे तीन दिसू लागला. उणे साठा शक्यच नसतो, म्हणून काही ठिकाणी तसा आकडा नोंदवूच न देण्याची सोय करतात. मी ती बंद ठेवेन. उणे तीन म्हणजे आवक नोंदवायची राहिली आहे, किंवा दुसऱ्याच वस्तूच्या नावाने माल बाहेर गेला आहे. आणि कोणत्या खणाकडे जाऊन पाहायचं, हे त्या आकड्यामुळेच कळतं.