ते जाळतात तो गाय, आपण पुजतो ती गाय

२०२१ सालची गोष्ट. लेक साडेचार वर्षांची होती, इंग्लंडमधल्या शाळेचं पहिलंच वर्ष. बुधवारी घरी आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. "आई, शुक्रवारी ते लोक गाय जाळणार आहेत!" दोनच दिवसांपूर्वी, सोमवारी, आम्ही वसुबारस केली होती. खरी गाय आणणार कुठून, म्हणून तिनेच रंगवलेल्या गाय-वासराच्या चित्राला हळदकुंकू लावलं होतं. त्यामुळे तिचा जीव कळवळणं साहजिकच होतं.

जळणार होता तो गाय फॉक्स. माणूस. म्हणजे त्या माणसाचा पेंढा भरलेला पुतळा. पण ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांच्या डोक्यात 'बॉनफायर नाइट', म्हणजे ५ नोव्हेंबरची शेकोट्यांची रात्र, आणि दिवाळी यांचा काला होतो तो केवळ नावामुळे नाही. दोन्ही सण साधारण एकाच सुमाराला येतात, दोन्हींत आकाशात बाण उडतात, दोन्हींना फुलबाज्या हातात मिळतात. त्या वर्षी तर लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला आणि पाडवा ५ ला, म्हणजे नेमका त्यांच्याच दिवशी. शेजारपाजारचे सगळे आमच्या पाडव्यासाठीच फटाके उडवताहेत, अशी लेकीची ठाम समजूत झाली होती. मीही ती लगेच मोडली नाही.

वेगळेपण सांगायला सुरुवात करावी ती आकाशापासून, मुलांना ते पटकन दिसतं. त्यांची तारीख इंग्रजी कॅलेंडरला खिळलेली, ५ नोव्हेंबर म्हणजे ५ नोव्हेंबर. त्या रात्री चंद्र कसाही असू शकतो. आपलं लक्ष्मीपूजन कुठल्याही तारखेला येवो, चंद्र नसतोच, कारण अमावास्या. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन ऑक्टोबरातच उरकलं आणि ५ नोव्हेंबरला आली त्रिपुरी पौर्णिमा. भरल्या चांदण्यात तिकडे गाय फॉक्स जळत होता आणि आमच्या खिडकीत त्रिपुरवात.

आता तो गाय. जन्म १५७० चा, यॉर्कमधला. धर्माने कॅथलिक, पेशाने सैनिक. कॅथलिकांचा छळ करणाऱ्या राजवटीवर चिडलेल्या काही जणांनी राजा पहिला जेम्स आणि त्याची संसद एकदमच उडवून द्यायचा कट केला. कटाचा म्होरक्या रॉबर्ट केट्सबी, पण पुतळा होतो तो फॉक्सचा, कारण सापडला तो. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या कोठारात बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांपाशी त्याला पकडलं, ४ नोव्हेंबर १६०५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी राजा संसदेत येणार होता. राजा वाचला म्हणून लंडनकरांनी शेकोट्या पेटवल्या. मग पार्लमेंटने कायदाच केला की दरवर्षी या दिवशी देवाचे आभार मानायचे. तो कायदा १८५९ पर्यंत टिकला. आजही संसदेच्या नव्या अधिवेशनाचं उद्घाटन करायला राजा येण्याआधी पारंपरिक वेशातले रक्षक तळघरं तपासतात. नुसता उपचार, पण मुलांना सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग.

म्हणजे बॉनफायर नाइट हा जे घडलंच नाही त्याचा उत्सव. स्फोट झाला नाही म्हणून स्फोट करायचे! दिवाळीत कुणीतरी यायचं असतं. लक्ष्मी यायची म्हणून दार उघडं, उंबऱ्यावर पणती. त्यांची शेकोटी मैदानात, सगळ्या गावाची. आपल्या पणत्या घराघराच्या. शाळेत शिकवतात ती दिवाळी म्हणजे रामसीता अयोध्येला परतले ती, आणि शिक्षिका बिचाऱ्या मनापासून शिकवतात. पण मराठी घरातल्या मुलाला त्याबरोबर नरकासुर आणि बळीराजाही सांगावे लागतात. नाहीतर पहाटे अंघोळीला का उठवलं, याचं उत्तर त्याला कधीच मिळत नाही.

आणि बळीपाशी मला खरा फरक दिसतो. पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा. वामनाने पाताळात ढकललेला बळी, म्हणजे गोष्टीत हरलेला. तरी ओवाळताना आपण काय म्हणतो? "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." हरलेल्याचं राज्य परत यावं, असं. त्याच ५ नोव्हेंबरला, शंभर पावलांवरच्या मैदानात, दुसऱ्या एका हरलेल्याला चारशे वर्षं झाली तरी जाळत होते.

यात आपण फार सोवळे आहोत असं मात्र मुलांना सांगू नये. आपणही जाळतोच. दसऱ्याला उत्तरेत रावण जळतो, गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे भलेमोठे पुतळे पेटतात. बॉनफायर नाइटला आपल्यातलं भावंड शोधायचंच तर ते होळी. उघड्यावर लाकडं रचायची, भोवती गर्दी, आरडाओरडा. दिवाळी ही फार तर तिची शेजारीण. फरक उरतो तो इतकाच की रावण-नरकासुर पुराणातले, फॉक्सच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. लेकीने विचारलं होतं, "तो वाईट होता का?" मी म्हटलं, त्याने खूप माणसं मारायचं ठरवलं होतं ते वाईटच, पण त्याच्या लोकांना त्यांच्या पद्धतीने प्रार्थनाही करू देत नव्हते. साडेचार वर्षांच्या मुलीला यापुढे काय सांगणार. यॉर्कमधली फॉक्सची शाळा अजून चालू आहे. तिथे गाय जाळत नाहीत, आपल्या माजी विद्यार्थ्याला कसं जाळायचं म्हणून. हे तिला फार पटलं.

नावाचीही एक गंमत आहे. इंग्रजीत कुठल्याही माणसाला सैलपणे 'गाय' म्हणतात तो शब्द या पुतळ्यावरूनच आला. आधी पुतळा, मग पुतळ्यासारखा बावळट कपड्यांतला माणूस, मग कुणीही माणूस.

खाण्याची तुलना करायला नको. त्यांचं टॉफी अ‍ॅपल, म्हणजे पाकात घोळवलेलं सफरचंद, छान असतं, पण चकलीसमोर ते काय टिकणार!

इंग्लंडच्या कायद्याने मात्र दोन्ही सण शेजारी शेजारी बसवले आहेत. २००४ च्या नियमांनुसार रात्री ११ ते सकाळी ७ फटाके बंद. ५ नोव्हेंबरला सूट रात्री १२ पर्यंत, दिवाळीच्या रात्री १ पर्यंत. आपल्याला एक तास जास्त, हे व्हिडिओ कॉलवर ऐकून आजोबांची छाती फुगली होती. लहान मुलांना जागवायची तशी गरजही पडत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, नोव्हेंबरात लंडनला साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो. सहा वाजता शोभेची दारू बघून मूल आठला झोपतं. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती फुलबाजी देऊ नका, असं इथे आवर्जून सांगतात. मोठ्यांना हातमोजे, आणि विझलेली तार थेट पाण्याच्या बादलीत. आम्ही लहानपणी तापलेल्या तारा अंगणात फेकायचो आणि अनवाणी फिरायचो, हे मी घरात बोलत नाही.

या नियमांत एकच गोष्ट बसत नाही, नरकचतुर्दशीची पहाट. सातच्या आत फटाका वाजवता येत नाही आणि सातनंतर शाळेची घाई. म्हणून आमच्याकडे सहाला उटणं, गरम पाणी, आणि कारीट इथे मिळत नाही म्हणून न्हाणीघराच्या दाराशी एक चेरी टोमॅटो. लेक डाव्या पायाच्या अंगठ्याने तो दाबते, फट् होतो, बिया भिंतीवर उडतात. तेवढा आवाज कायद्यात बसतो.