भोंगा, काळोख आणि तीन तास: गिरणगावच्या सिनेमावेडाची पार्श्वभूमी

७ जुलै १८९६ रोजी मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली गेली. तिकीट एक रुपया. ल्युमिएर बंधूंच्या त्या सहा छोट्या चित्रफितींपैकी एकीत कारखाना सुटल्यावर दारातून बाहेर पडणारे कामगार होते. ज्या शहराच्या उत्तर अंगाला गिरण्यांचे धुराडे दिवसभर धूर ओकत होते, त्या शहरात सिनेमा आला तो कामगाराचं सुटणं घेऊन. पण परळच्या कामगाराला ते बघायला मिळणं शक्य नव्हतं. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, सगळ्यात स्वस्त तिकीट चार आण्यांवर आलं, तरीही प्रश्न फक्त पैशाचा नव्हताच. वेळ कुठे होता?

सिनेमाच्या इतिहासात कामाच्या तासांचा उल्लेख सहसा येत नाही. मला तो सगळ्यात आधी यावा असं वाटतं. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-चौदा तासांपर्यंत लांबला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा पहिल्यांदा घातली. १९२२ मध्ये ती अकरावर आली, १९३४ मध्ये दहावर, आणि १९४८ च्या कायद्याने नऊवर, आठवड्याला ४८ तास. संप आणि मोर्चे करून मिळवलेल्या या एकेका तासाच्या मागोमाग थेटराच्या खिडकीपुढची रांग वाढत गेली.

दुसरी अडचण जागेची. कोकणातून, घाटावरून आलेला गडी बायकामुलं गावी ठेवून यायचा आणि गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या, खोलीत राहायचा. एका खोलीत वीस-तीस माणसं. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, वर दोरीवर वाळत घातलेले कपडे. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच जागेवर रातपाळीचा येऊन आडवा व्हायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडे. या माणसाला दिवसाच्या चोवीस तासांत एकटं असं कुठे बसताच येत नव्हतं. थेटरात मात्र तिकिटाच्या जोरावर जागा त्याची होती, पुढच्या बाकावरची का होईना. काळोख होता. रडू आलं तर कुणी बघत नव्हतं.

मूकपटांच्या काळात या प्रेक्षकाला एक गोष्ट सोपी गेली असणार. साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम खात्यात, मागांचा आवाज इतका, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलणं समजून घ्यायची सवय तिथे आपोआप लागे. पडद्यावर अक्षरं आली की वाचता येणारा एखादा मोठ्याने वाचून दाखवायचा आणि बाकीचे ऐकायचे. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा गोष्ट आधीपासून प्रत्येकाच्या ओळखीची होती. नवं होतं ते डोळ्यांदेखत घडणं.

१९३४-३५ ही दोन वर्षं मात्र सावकाश बघण्यासारखी आहेत. १९३४ मध्ये गिरण्यांत मोठा संप झाला. त्याच वर्षी दिग्दर्शक मोहन भवनानींनी प्रेमचंदांच्या लेखणीतून गिरणी कामगारांवरचा ‘मजदूर’ काढला. मुंबईत सेन्सॉरने तो अडवला. ज्यांच्यावर चित्रपट होता, त्यांच्याच शहरात तो लागू दिला गेला नाही. पुढच्या वर्षी वाडिया बंधूंचा ‘हंटरवाली’ आला. राजकन्या तोंडावर मुखवटा चढवते, घोड्यावर बसते आणि दुष्ट वजिराच्या माणसांना चाबकाने फोडून काढते. नायिका नाडिया, मूळच्या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मेरी इव्हान्स, या उड्या आणि मारामाऱ्या स्वतः करायच्या. स्वस्त तिकिटाच्या पिटातला प्रेक्षक त्यांच्यावर फिदा झाला. बाजारात हंटरवालीच्या नावाचे चाबूक आणि पट्टे विकायला आले. खऱ्या गिरणीची गोष्ट पडद्यावर चालत नव्हती, पण जुलमी सत्तेला चाबूक मारणारी बाई चालत होती, कारण ती कुठल्या तरी काल्पनिक राज्यात राहत होती. या चित्रपटांना पळवाट म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं इथेच पटत नाही. समोरचा दरवाजा बंद केल्यावर माणसं मागच्या दाराने आली, इतकंच.

आणि हे सगळं घडत होतं गिरण्यांच्या शेजारी. वाडियांचा स्टुडिओ त्यांच्या वडिलोपार्जित लवजी कॅसलमध्ये, परळ भागात होता. पुढे १९४२ मध्ये व्ही. शांतारामबापूंचा राजकमल स्टुडिओ तिथेच उभा राहिला.

त्याच दशकातला ‘संत तुकाराम’ वेगळ्या वाटेने माणसाला वर नेत होता. १९३६ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला. शेवटी विमान तुकोबांना घेऊन वैकुंठाला जातं आणि बायको मागे संसारात राहते. प्रेक्षकातली बहुतेक माणसं मागे राहणाऱ्यांपैकीच होती. थेटरातून बाहेर पडून त्यांना खोलीवर किंवा पाळीवर जायचं होतं. म्हणून तो शेवट त्यांना इतका लागला असावा.

स्वातंत्र्यानंतर भारतमाता, हिंदमाता, जयहिंद, गणेश टॉकीज ही गिरणगावची घरचीच थेटरं झाली. पगाराच्या दिवशी तीन, सहा, नऊ असे तिन्ही खेळ भरायचे. आवडत्या गाण्याला पडद्यावर चिल्लर उधळली जायची. १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ आला. नायगावच्या चाळीत वाढलेले आणि अपना बाजारमध्ये नोकरी केलेले दादा कोंडके आपल्यातलेच, हे प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. इतके दिवस स्वप्नातला माणूस राजा नाहीतर संत असायचा. आता तो ढगळ चड्डीची नाडी लोंबवत येत होता आणि शेवटी जिंकतही होता. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’ला बायका चपला बाहेर काढून आत शिरायच्या, पडद्याला फुलं वाहायच्या. घरात ज्यांना बसायला फुरसत नव्हती, त्यांना थेटरात जायला देवीचं निमित्त पुरलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या हजारोंना पुन्हा काम मिळालंच नाही. त्याच वर्षी दिल्लीतल्या एशियाड क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला. मग चाळीत वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हिडिओ भाड्याने आणायची पद्धत पडली. एका रात्रीत तीन-चार चित्रपट, गॅलरीपर्यंत माणसं. ते स्वस्त होतं, पण थेटरातला तो एकट्याचा काळोख त्यात नव्हता.

गिरण्यांच्या जमिनींवर पुढे मॉल आले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मल्टिप्लेक्स आहे. तिथलं शनिवार-रविवारचं तिकीट आणि पॉपकॉर्न मिळून होणारा खर्च गिरणगावातल्या जुन्या कुटुंबाला परवडत नाही.

तिथून फार लांब नाही, मुंबई सेंट्रलला एसटी डेपोसमोर मराठा मंदिर आहे. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ १९९५ पासून तिथे दुपारच्या आधीच्या खेळाला लागतो. गाडीला वेळ असलेला माणूस पिशवी घेऊन आत येतो, ती पायांमध्ये धरून बसतो. गोष्ट त्याला पाठ असते. दिवे जातात, तो पाय पसरतो, आणि पंखा अंगावर येईल अशी खुर्ची आहे की नाही ते एकदा बघून घेतो.